स्वीप, ट्रिगर आणि जागेवर न थांबणारा क्रिस्टल

तांब्याची_तार
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन १० मेगाहर्ट्झचे वीस क्वार्ट्झ क्रिस्टल (ठरलेल्या फ्रीक्वेन्सीला डोलणारे) आणले. एसएसबी (सिंगल साइडबँड) रेडिओसाठी लॅडर फिल्टर, म्हणजे क्रिस्टल शिडीसारखे जोडून केलेली अरुंद चाळणी, करायचा घाट घातलाय. त्यासाठी एकमेकांशी ५० हर्ट्झच्या आत जुळणारे सहा क्रिस्टल निवडायचेत.

जोडणी साधी आहे. सेकंडहँड ३३२२०ए फंक्शन जनरेटर, पुढे साडेबारा ओहमवर आणणारं पॅड (रेझिस्टरचं जाळं), क्रिस्टल, पुन्हा तसलंच पॅड आणि मग डीएसओचा (डिजिटल ऑसिलोस्कोपचा) चॅनल १. जनरेटरचं सिंक आउट (स्वीप सुरू झाल्याची खूण) चॅनल २ वर. स्वीप, म्हणजे फ्रीक्वेन्सी सरकवत नेणं, ९.९९० ते १०.०१० मेगाहर्ट्झ, लिनियर, स्वीप टाइम १० मिलिसेकंद. डीएसओ घराला १ मिलिसेकंदावर, म्हणजे एका घरात २ किलोहर्ट्झ. हिशोब सोपा पडावा म्हणूनच हे आकडे घेतले.

शिखर दिसतं ९.९९८१ च्या आसपास. तोच क्रिस्टल मित्राने नॅनोव्हीएनएवर (छोटा व्हीएनए, म्हणजे वेक्टर नेटवर्क अॅनालायझर) लावला तर ९.९९७२. आणि माझ्या चित्रात शिखराच्या उजवीकडे लाटा येतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. आधी वाटलं क्रिस्टल फुटका आहे. दुसरा लावला, तिसरा लावला, सगळ्यांना तीच शेपटी. वीसच्या वीस फुटके देण्याइतका तो दुकानदार वाईट नाही.

मग गंमत म्हणून स्वीप उलटा केला, वरून खाली. शिखर ९.९९६३ वर! तोच क्रिस्टल, तीच वायर, पाच मिनिटांत १.८ किलोहर्ट्झ इकडचा तिकडे. माझं काय चुकतंय?

शून्यव्होल्ट
ग्राउंड क्लिप लावली आहे का? प्रोब १एक्सवर तर नाही ना? आणि मित्राकडे नॅनोव्हीएनए आहे तर हा उपद्व्याप कशाला?

तांब्याची_तार
प्रोब नाही, सरळ बीएनसी केबल आहे, टोकाला ५० ओहम. आणि मित्र मिरजेला राहतो हो.

निम्मा_हर्ट्झ
क्रिस्टल ठणठणीत आहेत, तारदादा. तुम्ही घाईत आहात.

आकडे मांडून बघू. साडेबारा ओहमच्या जोडणीत अशा क्रिस्टलचा लोडेड क्यू (जोडणीसकट शिखर किती टोकदार ते) वीस हजारांच्या घरात येतो. १० मेगाहर्ट्झ भागिले २०,००० म्हणजे बँडविड्थ ५०० हर्ट्झ. तुमचा स्वीप १० मिलिसेकंदांत २० किलोहर्ट्झ चालतो, म्हणजे सेकंदाला २ मेगाहर्ट्झ. ५०० हर्ट्झचा तो पट्टा तुम्ही पाव मिलिसेकंदात ओलांडता.

आता क्रिस्टलची बाजू बघा. त्याला डोलायला लागायला आणि डोलणं थांबवायला वेळ लागतो. टाइम कॉन्स्टंट म्हणजे १ भागिले पाय गुणिले बँडविड्थ, इथे साधारण ०.६४ मिलिसेकंद. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यासारखं आहे ते. तुम्ही धक्का देऊन पुढे निघून गेलात, पाळणा त्यानंतर वर आला. म्हणून शिखर नेहमी स्वीपच्या दिशेने पुढे सरकलेलं दिसतं. वर जाताना वर, खाली येताना खाली. दोन्हींचा मध्य काढा: ९.९९८१ आणि ९.९९६३ चा मध्य ९.९९७२. मिरजेचं उत्तर.

लाटांचंही कोडं नाही. जनरेटर पुढे गेला तरी क्रिस्टल आपल्याच सुरात वाजत राहतो आणि त्याचे दूर जाणाऱ्या जनरेटरशी बीट्स होतात. जनरेटर जितका लांब, तितके बीट्स जलद. नीट बघा, उजवीकडे जाताना लाटा दाट होत गेल्या असतील.

स्वीपचा वेग बँडविड्थच्या वर्गापेक्षा बराच कमी पाहिजे. ५०० चा वर्ग अडीच लाख. त्याला अडीचने भागा, सेकंदाला १०० किलोहर्ट्झ आले. म्हणजे तुमच्या २० किलोहर्ट्झला किमान ०.२ सेकंद. तुम्ही त्याच्या वीसपट वेगाने पळताय. १ सेकंद ठेवा, निवांत.

स्पेक्ट्रम अॅनालायझरवाले हेच सूत्र दुसऱ्या तोंडाने सांगतात: स्वीप टाइम म्हणजे स्पॅन (स्वीपची रुंदी) भागिले आरबीडब्ल्यूचा, म्हणजे यंत्राच्या फिल्टरच्या बँडविड्थचा, वर्ग, गुणिले दोन ते तीन. तिथे पाळणा म्हणजे यंत्राच्या आतला फिल्टर असतो, एवढाच फरक. १ मेगाहर्ट्झ स्पॅनला १० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यू असेल तर २५ मिलिसेकंद पुरतात, तीच १ किलोहर्ट्झ केली की अडीच सेकंद. दहापट बारीक बघायचं तर शंभरपट थांबा. जुन्या अॅनालायझरवर घाई केली की कोपऱ्यात ‘अनकॅल’ असा शब्द, म्हणजे आकड्यांवर भरवसा नको, उमटतो. तुमच्या जोडणीत तसं बजावणारं कोणी नाही.

शून्यव्होल्ट
माझा प्रोबचा प्रश्न मागे घेतो.

तांब्याची_तार
तुमच्या तोंडात साखर पडो! लाटा खरंच दाट होत गेल्या होत्या, फोटो काढून ठेवलाय.

स्वीप १ सेकंद केला, डीएसओ घराला १०० मिलिसेकंद. आता शिखर उंच झालं, शेपटी गेली, वर-खाली दोन्हीकडून जागा तीच. पण नवीन दुखणं. चित्र स्थिर राहत नाही. कधी शिखर डावीकडे, कधी मध्यात, कधी अख्खं चित्रच उजवीकडून डावीकडे वाहत जातं. ट्रिगर (स्कोपने चित्र कधी सुरू करायचं तो इशारा) चॅनल २ वरच आहे, लेव्हल दीड व्होल्ट, काही हलवलेलं नाही. १० मिलिसेकंदाला दगडासारखं उभं होतं हो.

अडगळीतला_सीआरओ
बाळा, ट्रिगर मोड ऑटोवर आहे ना? नॉर्मलवर टाक.

ऑटोचा अर्थ लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं ऑटो म्हणजे यंत्र आपोआप शहाणपणा करेल. ऑटो म्हणजे यंत्र थोडा वेळ वाट बघतं, ट्रिगर आला नाही तर कंटाळून स्वतःच स्वीप सोडतं. पडद्यावर काहीतरी दिसावं, गिऱ्हाईक घाबरू नये, एवढ्यासाठीच तो मोड आहे. तुझा सिंक आता सेकंदातून एकदा येतो आणि तेवढा धीर त्याला नाही. शिवाय बऱ्याच डिजिटल स्कोपमध्ये ऑटोवर असताना टाइमबेस १०० मिलिसेकंद किंवा त्याहून हळू केला की स्कॅन नाहीतर रोल मोड सुरू होतो. तिथे ट्रिगर बघितलाच जात नाही. ते वाहणारं चित्र म्हणजे तेच.

नॉर्मल केलंस की पडदा काही वेळ रिकामा दिसेल, घाबरू नकोस. आणि ट्रिगरचा बिंदू स्कोप आपणहून पडद्याच्या मध्यात ठेवतो. तो हॉरिझाँटल पोझिशनने डाव्या कडेला आण, नाहीतर डाव्या अर्ध्यात मागच्या स्वीपची शेपूट दिसेल आणि पुन्हा इथे येऊन विचारशील.

तिसरं. तुझ्या डीएसओची मेमरी किती? जुना २५०० बिंदूंचा असेल तर १ सेकंदात २५०० नमुने, आणि खाली १० मेगाहर्ट्झची कॅरिअर. एलियासिंगने, म्हणजे नमुने फार विरळ पडल्याने, पट्ट्यांचा गालिचा दिसेल. अॅक्विझिशन पीक डिटेक्टवर ठेव, मग कॅरिअरची बाहेरची कड मिळते. त्याहून बरं म्हणजे स्कोपच्या आधी डायोड डिटेक्टर लाव. डेसिबल हवे असतील तर एडी८३०७ हा लॉग डिटेक्टर आयसी लाव, डेसिबलला २५ मिलिव्होल्ट देतो, ५०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो.

अवांतर: आमच्या वेळी हे सगळं वॉब्युलोस्कोपवर (स्वीप जनरेटर आणि पडदा एकाच डब्यात) शिकलो. १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी मी टीव्ही दुरुस्तीत पडलो. टीव्हीची आयएफ (मधल्या फ्रीक्वेन्सीची) स्टेज जुळवायची म्हणजे ३८.९ मेगाहर्ट्झला चित्राचा मार्कर, ३३.४ ला आवाजाचा, आणि मधला डोंगर हवा तसा येईपर्यंत कॉइलचे स्लग (आतले गाभे) फिरवायचे. त्या यंत्रात स्वीप मेन्सच्या ५० हर्ट्झने होत असे आणि पडद्याची आडवी चालही त्याच मेन्सवरून. ट्रिगर नावाची भानगडच नाही! दोघांची नाळ एकच, मग चित्र हलेल कसं? मात्र स्वीप जाताना एक डोंगर आणि परतताना दुसरा. दोन डोंगर शेजारी शेजारी दिसायचे आणि फेज नावाचं बटण फिरवून ते एकावर एक बसवायचे. माझा उस्ताद म्हणायचा, आधी दोघांना एका पाटावर बसव, मग स्लगला हात लाव. तू स्वीप उलटा करून बघितलास ना, ते नकळत हेच केलंस.

तुझ्या जनरेटरला स्वीपचा रॅम्प बाहेर काढायची सोय असती तर आजही एक्स-वाय मोडमध्ये (एक सिग्नल आडवा, दुसरा उभा) हे करता आलं असतं.

गच्चीवरचा_डायपोल
काका, ट्रिगर्ड स्वीप तेव्हा नव्हताच का?

अडगळीतला_सीआरओ
होता की. टेक्ट्रॉनिक्सचा ५११ हा १९४७ चा, कंपनीचे संस्थापक व्होलम आणि मर्डॉक या जोडीचा. त्याआधीच्या बहुतेक स्कोपमध्ये स्वीप आपला अखंड पळत असे आणि सिंकचं बटण पिळून त्याला सिग्नलच्या पटीत ओढायचं. ओढलं जास्त तर चित्र वेडंवाकडं, कमी तर पळतं. ५११ मध्ये स्वीप दारात उभा राहतो, सिग्नल ठरलेल्या पातळीला ठरलेल्या दिशेने आला की सुटतो, पडदा ओलांडून परत दारात. तुमच्या आजच्या लेव्हल, स्लोप आणि होल्डऑफचं मूळ तिथे आहे. पण हिंदुस्थानात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर तसला स्कोप कोण ठेवणार?

तांब्याची_तार
काका, साष्टांग. नॉर्मल केला, बिंदू डावीकडे नेला, पीक डिटेक्ट लावला. पोस्टकार्डासारखं चित्र.

आता लोभ सुटलाय. ५० हर्ट्झ मोजायचेत आणि माझं एक घर २ किलोहर्ट्झचं, डोळ्यांनी कसं वाचणार? जनरेटरमध्ये मार्कर फ्रीक्वेन्सी आहे म्हणून ती चालू केली. पण मार्कर हलवला की मार्कर जागेवर राहतो आणि बाकीचं सगळं चित्र सरकतं! चक्रावलो.

निम्मा_हर्ट्झ
ट्रिगरचा स्लोप उतरत्या कडेवर आहे तुमचा.

या जनरेटरमध्ये मार्कर बंद असताना सिंक म्हणजे साधी चौकोनी लहर, स्वीप सुरू होताना वर आणि अर्ध्यावर खाली. मार्कर चालू केला की सिंक स्वीपच्या आरंभी वर जातो आणि नेमका मार्कर फ्रीक्वेन्सीला खाली येतो. तुम्ही खाली येणारी कड धरून बसलात, म्हणजे मार्करलाच खुंटा मानलंत. खुंटा हलला की गोठा हलणारच. चढती कड घ्या.

मग घरं मोजत बसायची गरज नाही. चॅनल २ ची उतरती कड चॅनल १ च्या शिखराखाली आणा आणि आकडा जनरेटरच्या पडद्यावर वाचा. टाइमबेस किती अचूक, स्वीप किती सरळ, हे प्रश्नच मिटतात. स्पॅनही कमी करा आता. शिखर कुठे आहे ते कळलंय, तर २ किलोहर्ट्झ स्पॅन पुरे. १ सेकंदातच ठेवला तर वेगही आपोआप दहापट कमी.

प्रत्येक क्रिस्टल लावून एकेकदाच स्वीप सोडायचा असेल तर ट्रिगर सोर्स मॅन्युअल करा आणि डीएसओ सिंगलवर. बाहेरून पल्स देऊन सोडणार असाल तर दोन पल्समधलं अंतर स्वीप टाइमपेक्षा निदान १ मिलिसेकंदाने जास्त हवं. नाहीतर मधला एखादा ट्रिगर गिळला जातो आणि माणूस केबल बदलत बसतो.

भोसरीकर_एसएमयू
उशिरा आलो, पण ‘हळू करा, निवांत करा’ यावर मला थोडी हरकत घ्यायचीय.

माझं काम सोर्स-मेजर युनिटवर (एसएमयू, व्होल्टेज देतं आणि करंटही मोजतं) आहे, सोलर सेलच्या छोट्या नमुन्यांचे आय-व्ही (करंट-व्होल्टेज) स्वीप. तिथे स्वीप म्हणजे पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी: व्होल्टेज लावा, थांबा, मोजा. थांबायचा वेळ म्हणजे सोर्स डिले. मोजायचा वेळ एनपीएलसीमध्ये, म्हणजे मेन्सच्या किती आवर्तनांभर सरासरी घ्यायची ते. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून १ पीएलसी २० मिलिसेकंद. १०१ बिंदू, ५ मिलिसेकंद डिले, १ पीएलसी: अडीच सेकंद. कागदावर. ऑटोझिरो चालू असेल तर प्रत्येक वाचनाबरोबर आतला शून्य आणि संदर्भही मोजला जातो, वेळ तिपटीकडे जातो. ऑटोरेंज चालू असेल तर स्वीपच्या मध्येच रेंज बदलताना यंत्र अडखळतं आणि पायऱ्यांमधलं अंतर असमान होतं. ज्या नमुन्याला वेळेचा फरक पडतो त्याच्यासाठी रेंज बांधून घ्या, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. परदेशातून आलेलं जुनं यंत्र असेल तर लाइन फ्रीक्वेन्सी ६० वर राहिलेली नाही ना तेही बघा. १६.६७ मिलिसेकंदांची सरासरी आपल्या मेन्सची घरघर पुसत नाही. आमच्याकडे दोन दिवस सगळे शिल्डिंगच्या मागे लागले होते, आणि दुखणं हे होतं.

आता हरकत. सेललाही स्मरण असतं. जास्त कपॅसिटन्सच्या सिलिकॉन सेलवर घाईचा स्वीप केला तर पुढे आणि मागे जाणारे वक्र वेगळे येतात, पेरोव्स्काइट पदार्थाच्या सेलमध्ये तर फारच. इथवर तुमचंच म्हणणं. पण हळू केलं की दिव्याखाली नमुना तापतो आणि ओपन सर्किट व्होल्टेज घसरायला लागतं. पॉवर एलईडी किंवा मॉसफेटला तर संथ स्वीप म्हणजे चुलीवर ठेवणं. तिथे आम्ही पल्स स्वीप करतो: थोडा वेळ करंट, मोजणी, मग बराच वेळ विश्रांती. म्हणजे खालून नमुन्याचा सेटलिंग टाइम, वरून त्याचं तापणं, आणि मधल्या फटीत आपण. कधी कधी फट नसतेच.

ट्रिगरबद्दल एक. एसएमयूत दोन थर असतात, आर्म आणि ट्रिगर. पंगत बसवणं म्हणजे आर्म, एकेका पानावर वाढणं म्हणजे ट्रिगर. बाहेरची पल्स आर्म थराला जोडली तर एका पल्समध्ये पूर्ण स्वीप होतो. ट्रिगर थराला जोडली तर एका पल्सला एकच बिंदू, आणि यंत्र पुढच्या पल्ससाठी वाढपी न आलेल्या पाहुण्यासारखं बसून राहतं. “स्वीप अडकला” म्हणून जे फोन येतात त्यातले निम्मे हेच. निम्म्यांत ट्रिगर काउंट १ वर राहिलेला असतो.

निम्मा_हर्ट्झ
हरकत मान्य. क्रिस्टललाही लागू आहे. तारदादा, क्रिस्टल बोटांनी घट्ट धरून सॉकेटमध्ये खुपसला की लगेच मोजू नका, बोटांच्या उबेनेही फ्रीक्वेन्सी सरकते. १ पीपीएम (दहा लाखांत एक) म्हणजे तुमचे १० हर्ट्झ. डाग देऊन (सोल्डर करून) लगेच मोजाल तर विचारूच नका.

म्युनिकचा_पुणेकर
व्हीएनएवाल्यांसाठी एक भर घालतो. काही दिवसांपूर्वी १०० मीटर को-अॅक्स मोजत होतो, केबलचा लॉस अपेक्षेपेक्षा भलताच जास्त. कनेक्टर बदलले, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, तेच.

शेवटी हिशोब केला. व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट) ०.६६ धरला तर १०० मीटरला सिग्नल अर्धा मायक्रोसेकंद घेतो. माझा स्वीप ५० मिलिसेकंदांत ३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० गिगाहर्ट्झ. सिग्नल केबलमधून बाहेर येईपर्यंत यंत्र ३० किलोहर्ट्झ पुढे सरकलेलं! आयएफ बँडविड्थ, म्हणजे यंत्राच्या आतल्या फिल्टरची रुंदी, १० किलोहर्ट्झ. पाहुणा स्टेशनवर उतरला तेव्हा न्यायला आलेला माणूस पुढच्या स्टेशनात. स्टेप्ड स्वीप केला, प्रत्येक बिंदूवर थोडा ड्वेल (थांबा) दिला, लॉस कॅटलॉगच्या आकड्यावर आला.

इथे क्यू वगैरे काही नाही. साधी केबल आहे, तरी घाई नडली.

गच्चीवरचा_डायपोल
नॅनोव्हीएनए पायऱ्यांनीच जातो, म्हणून मिरजेचं उत्तर बरोबर आलं का मग?

म्युनिकचा_पुणेकर
हो, पण त्याचा सापळा वेगळा. १०१ बिंदू, २० किलोहर्ट्झ स्पॅन, म्हणजे २०० हर्ट्झची पायरी. ५०० हर्ट्झचं शिखर सापडतं. स्पॅन १ मेगाहर्ट्झ ठेवला असता तर पायरी १० किलोहर्ट्झची आणि शिखर दोन पायऱ्यांच्या मध्ये बेपत्ता. मग क्रिस्टल मेला म्हणून फेकून दिला असता.

मांडववाले_साउंड
आम्ही स्पीकर तपासायला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप मारतो, १० सेकंदांचा. बास कायम गायब दिसतो. हेच कारण काय?

निम्मा_हर्ट्झ
लिनियर मारताय ना? सेकंदाला २ किलोहर्ट्झ. २० ते २०० हर्ट्झ हा सगळा बास ०.०९ सेकंदात संपतो, आणि २० हर्ट्झचं एक आवर्तनच ०.०५ सेकंदाचं. स्पीकरने ‘ढ’ म्हणायच्या आत तुम्ही पुढे. लॉग स्वीप लावा, प्रत्येक सप्तकाला सारखा, साधारण एक सेकंद मिळेल.

मांडववाले_साउंड
लावला. बास आहे. शेजारीही आहेत, ते येऊन गेले.

तांब्याची_तार
वीसही क्रिस्टल मोजून झाले. २ किलोहर्ट्झ स्पॅन, १ सेकंद, चढती कड, मार्कर शिखराखाली. प्रत्येकाला सॉकेटमध्ये लावून पाच मिनिटं हात मागे बांधून बसलो, दोनदा मोजलं. दोन वाचनांतला फरक १० हर्ट्झच्या वर गेला नाही.

सात निघाले ५० हर्ट्झच्या आत, एक जास्तच. बारा आजूबाजूला विखुरलेले, बीएफओला (रिसीव्हरमधल्या ऑसिलेटरला) उपयोगी पडतील. आणि चौदा नंबरचा एक खरोखर फुटका आहे हो, शिखराला दोन टोकं, स्वीप कितीही हळू केला तरी, दोन्ही दिशांनी तीच. तो दुकानदाराला नेऊन दाखवणार आहे.

अडगळीतला_सीआरओ
दाखवू नकोस, ठेव. स्पुरियस मोड (क्रिस्टलचा नको असलेला दुसरा सूर) कसा दिसतो ते पुढच्याला दाखवायला लागेल. फिल्टर झाला की वक्र इथे टाक, आणि हो, डाग दिल्यावर रात्रभर थंड होऊ दे.